आईने देवळात बेलभंडारा उचलला, आता तिला मत द्यायची भीती वाटतेय. काय करू?

मखमलाबादरोडची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला पंचवटीच्या बाजूला राहतो. आई ७३ वर्षांची. बाबा गेल्यापासून तिचं सगळं देवावरच चाललंय म्हटलं तरी चालेल, मंगळवारी ओटी, चंपाषष्ठीला तळी भरणं, चैत्रात आणि नवरात्रात वणीचा गड. मी स्वतः फार देवधर्म करत नाही पण तिच्या त्या करण्यात एक शांतपणा आहे, घरात कितीही कटकट असली तरी ती देव्हाऱ्यापुढे बसली की आम्ही सगळेच जरा हळू बोलतो.

तर महापालिकेच्या निवडणुकीची गडबड सुरू झाल्यावर आमच्या प्रभागातल्या एका इच्छुकाने बायकांसाठी गडावर जायला फुकट बस लावल्या. कोण, कुठल्या पक्षाचा ते लिहीत नाही, इथे त्यावरून भांडण नकोय. सगळ्या मैत्रिणी चालल्या म्हणून आईपण गेली. येताना प्रत्येकीला एक पिशवी मिळाली, त्यात खण, नारळ, कुंकवाची डबी आणि देवीचा लॅमिनेशन केलेला फोटो. तिने फोटो लगेच देव्हाऱ्यात ठेवला. दोन दिवसांनी मी देव पुसायला घेतले तेव्हा बघितलं, फोटोच्या मागच्या बाजूला हे साहेब हात जोडून उभे, खाली नाव आणि मोबाईल नंबर. म्हणजे आई रोज देवीला हळदकुंकू वाहत होती आणि मागे हा माणूस होता. तेव्हा नुसता राग आला आणि सोडून दिलं.

खरा प्रकार मागच्या मंगळवारी झाला. कॉलनीत देवीचं देऊळ आहे, शेजारी खंडोबाची लहानशी घुमटी. आरती संपली, बायका प्रसादासाठी थांबल्या होत्या, तेवढ्यात चार-पाच कार्यकर्ते ताट घेऊन आले, ताटात बेल, भंडारा, नारळ. म्हणाले सगळ्यांनी हात लावा आणि देवासमोर बोला की चारही बटणं आपल्याच पॅनलची दाबणार. (आमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग आहे.) एकदोघी मागे सरकल्या तर एकजण हसत हसतच म्हणाला, बघा बरं मावशी, घरी लेकरंबाळं आहेत सगळ्यांच्या, देव सगळं बघतो. आईने हात लावला.

त्याच रात्री माझ्या मुलाला धाप लागली. त्याला दमा आहे, थंडीत होतंच, पंप दिला, पहाटेपर्यंत शांत झाला. पण आईच्या डोक्यात बसलं ते बसलं. कारण तिला चारातलं एक मत आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंना द्यायचं होतं, त्या दुसऱ्या पॅनलच्या आहेत, पाण्याच्या लाइनसाठी दोन उन्हाळे त्याच पळाल्या होत्या. हात लावताना आईच्या मनात त्यांचंच नाव आलं म्हणे, आणि म्हणून नातवाला झालं. आता ती म्हणते मी मतदानालाच जात नाही, दिलं तरी पाप आणि नाही दिलं तरी पाप. सत्त्याहत्तर सालापासून एकही मतदान न चुकवलेली बाई आहे ही, बाबांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी मतदान होतं तेव्हासुद्धा गेली होती!

भाऊ म्हणतो एवढं काय, आपल्याच धर्माचा माणूस आहे, देवळातच तर शपथ घेतली. मला मात्र त्या रात्रीचा आईचा चेहरा विसरता येत नाहीये. ज्या देवापाशी तिची भीती जायची त्याच देवाची तिला भीती घालून गेले हे लोक.

दोन प्रश्न आहेत. एक, हे कायद्यात बसतं का, आणि तक्रार केली तर काही होतं का? दुसरा, आईची समजूत कशी घालू? मतदानाला आठ दिवस राहिलेत.

---

सातपूरकर_संदीप

ताई टेन्शन नका घेऊ. काकूंना सांगा मत गुप्त असतं, आत कोण कुठलं बटण दाबतंय कोणाला कळत नाही. शपथ बिपथ सगळे घेतात आणि आत जाऊन पाहिजे तेच करतात. आमच्या कंपनीत युनियनच्या इलेक्शनला पण असंच चालायचं.

---

मखमलाबादरोडची_लेक

दादा हेच सांगितलं मी तिला. ती म्हणाली, माणसांपासून गुप्त आहे गं, देवापासून कुठे गुप्त आहे. यावर मला काही बोलताच आलं नाही.

---

कोर्टरोड_वकील

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, गुन्हा आहे, आणि हे कलम काही नवीन नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यातलं कलम १७१ बघा. मतदाराच्या मनात असं भरवणं की तुझ्यावर किंवा तुझ्या जवळच्या माणसावर देवाचा कोप होईल, हा निवडणुकीतला अनुचित दबाव धरला जातो, कायद्यात देवाच्या कोपाचा अगदी स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा कलम १७४ मध्ये, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. महापालिकेलाही हे लागू होतं. जुन्या भादंविमध्ये हेच १७१-सी होतं आणि ते घातलं गेलं १९२० साली, म्हणजे आपल्याकडे मतदान नुकतं कुठे सुरू होत होतं तेव्हाच कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की इथे माणसाला पैशाने नाही वळवता आलं तर देवाच्या नावाने वळवतील. "घरी लेकरंबाळं आहेत" हे वाक्य त्यात चपखल बसतं.

आमदार-खासदारांसाठी शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२३ आहे. त्यात देवाच्या कोपाची भीती आणि धर्माच्या नावाने मत मागणं, दोन्ही भ्रष्ट आचार आहेत आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होते. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे, १९८७ ची पार्ल्याची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू निवडून आले होते, प्रचारातल्या बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांवरून हायकोर्टाने १९८९ मध्ये ती निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ ला तेच कायम केलं आणि पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण त्याच दिवशी मनोहर जोशींच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल असं बोलणं म्हणजे धर्माच्या नावाने मत मागणं नव्हे, त्यांची निवडणूक टिकली. रेघ नेमकी कुठे ओढायची हा घोळ पुढे वीस वर्षं चालला. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचाच काय, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही.

आणखी एक कायदा लोकांना माहीतच नसतो. १९८८ चा धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा कायदा. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, कुठलीही जागा राजकीय कामासाठी वापरू द्यायची नाही, दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तुमच्या देवळाचे विश्वस्त तेव्हा तिथे उभे होते का? असतील तर त्यांना आधी हे दाखवा. बऱ्याचदा ते स्वतःच घाबरतात आणि पुढच्या वेळी ताट आत येऊ देत नाहीत.

तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या, एक प्रत पोलीस ठाण्यात. तारीख, वेळ, नेमके शब्द लिहा, कोणी मोबाईलवर शूट केलं असेल तर ते जपून ठेवा. फसवी आशा दाखवत नाही, अशा तक्रारी बहुतेक साक्षीदाराअभावी पडतात. बायका आज हो म्हणतात आणि उद्या मागे फिरतात, कारण रोज त्याच देवळात जायचं असतं, त्याच लोकांच्या तोंडासमोर. तरी द्या. नोंद झाली हे समोरच्याला कळणं यानेही फरक पडतो.

---

सह्याद्रीचा_मावळा

काकूंना घाबरवलं ते चूकच, वयस्कर बाईला लेकराबाळांचं सांगून भीती घालणं हे कुठल्याही हिंदूला पटणार नाही, त्याचं समर्थन करत नाही.

पण यावरून लगेच धर्म आणि राजकारण वेगळं पाहिजे वगैरे जे सुरू होणार ना इथे, ते मला मान्य नाही. हा नियम फक्त आमच्यासाठीच का? दुसरीकडे शुक्रवारी काय सांगितलं जातं, कुणाला एकगठ्ठा मतं द्यायची त्याचे मेसेज फिरतात त्याला कुणी दबाव म्हणतं का? १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल कायदा करून फिरवला तो कुणाच्या दबावाने? आणि टिळकांनी १८९३ ला गणपती चौकात आणला तोच मुळी लोकांना एकत्र करायला. तेव्हा धर्म आणि राजकारण एकत्र आले तर ते चांगलं आणि आज आम्ही हिंदू म्हणून एकत्र मत दिलं तर वाईट, असं कसं?

---

फुलबाजार_इरफान

मावळा भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच देतो, कारण मी त्या "दुसरीकडे" राहतो. जुन्या नाशकात.

हो, आमच्याकडे पण होतं. दर निवडणुकीला कोणीतरी येतो, कौम के नाम पे म्हणतो, मत फुटलं तर कयामतच्या दिवशी जवाब द्यावा लागेल म्हणतो. माझी अम्मी पण घाबरते, अगदी या ताईंच्या आईसारखीच. आणि मत घेऊन गेलेला माणूस पाच वर्षं गल्लीत दिसत नाही, आमच्या गटारीचं पाणी पावसाळ्यात तसंच घरात येतं. ते पण चूकच आहे आणि त्याच कायद्याने चूक आहे, वकील साहेबांनी मशीद पण लिहिलंय बघा. ज्याला तक्रार करायचीय त्याने जरूर करावी, मी साक्ष देतो.

१९८६ चं पण बोलूया. शाहबानो इंदूरच्या. साठी उलटल्यावर नवऱ्याने तलाक दिला. हायकोर्टाने पोटगी ठरवली महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्याच पैशासाठी बाई सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि एप्रिल १९८५ ला जिंकली. मग आमच्यातल्याच पुढाऱ्यांनी मोर्चे काढले, धर्म धोक्यात म्हणाले, बाईवर इतका दबाव आला की तिने जाहीर सांगितलं हा निकाल मला नको. पुढच्या वर्षी सरकारने कायदा केला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत अयोध्येचं कुलूप पण उघडलं होतं, एकाच सरकारच्या काळात. म्हणजे एकाला ते दिलं, दुसऱ्याला हे दिलं, आणि म्हातारी बाई राहिली तशीच राहिली. ताईंची पोस्ट वाचताना मला तीच बाई आठवली.

माझा धंदा झेंडूच्या माळा आणि सेहऱ्यांचा. दसऱ्याला, पाडव्याला माझ्याकडचं ऐंशी टक्के गिऱ्हाईक देवळात जाणारं असतं. कामदा एकादशीला राम आणि गरुडाचा रथ निघतो तेव्हा माझ्या वडिलांच्या हातच्या माळा असायच्या, कुणी कधी विचारलं नाही कोणाच्या हातच्या. आता विचारतात. सगळे नाही, पण निवडणूक जवळ आली की विचारणारे वाढतात आणि निकाल लागला की कमी होतात, हे मी पंधरा वर्षं गल्ल्यावर बसून बघतोय. मे २०२३ मध्ये त्र्यंबकला संदलच्या मिरवणुकीच्या वेळी देवळाच्या पायरीवर धूप दाखवण्यावरून केवढं झालं, देवस्थानने तक्रार केली, एसआयटी बसली, टीव्हीवाले आले. गावातली जुनी माणसं सांगत होती की पायरीपासून धूप दाखवायची रीत जुनी आहे. त्या आठवड्यात माझ्या तीन ऑर्डरी रद्द झाल्या. मी त्र्यंबकला गेलोपण नव्हतो.

ताई, आईंना माझा सलाम सांगा.

---

शालिमार_चौक

मावळा यांनी टिळक काढले म्हणून मी १९३० काढतो, कारण ते नाशिकचंच आहे आणि आमच्या घरातलं आहे.

२ मार्च १९३०. काळारामाच्या दारात हजारो माणसं उभी, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड पुढे, आणि दरवाजे बंद. आमचे पणजोबा त्या गर्दीत होते. मागणी एवढीच की आम्हालाही आत येऊ द्या. मग रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, लोकांची डोकी फुटली. चार-पाच वर्षं चाललं ते, दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

आता जानेवारी २०२४ आठवा. १२ तारखेला पंतप्रधान काळारामाला आले, २२ तारखेला उद्धव ठाकरे आले. दहा दिवसांत दोन्ही बाजूंना तेच देऊळ लागलं. मी कोणा एकाला बोलत नाही, दर्शनाला कुणीही यावं, त्यासाठीच तर आमचे लोक उभे होते. फक्त कॅमेरे, बंदोबस्त, दोन्ही वेळा रस्ते बंद, हे सगळं बघताना माझ्या म्हाताऱ्या आत्याने विचारलं, यांच्यासाठी दार किती पटकन उघडतं रे. तिला कोणत्याच पक्षाचं काही नाही, तिला ते दारच आठवतं.

मला एवढंच म्हणायचंय की धर्माच्या बाबतीत राजकारणाने हात घालूच नये असं मी म्हणू शकत नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवस उपास केला आणि विठ्ठलाचं दार उघडलं, तेही एका अर्थाने राजकारणच. पण त्यात उपाशी राहिला तो स्वतः गुरुजी. दुसऱ्याच्या नातवाला काही होईल असं त्याने कोणाला सांगितलं नाही.

---

निवृत्त_शिक्षक_नाशिकरोड

शालिमार यांचं शेवटचं वाक्य फार आवडलं.

मी इतिहास शिकवायचो, म्हणून एक शेजारचं उदाहरण देतो, आपल्यातल्या कुणालाच झोंबणार नाही असं. श्रीलंकेत १९५६ साली बंदरनायके सत्तेवर आले. लहानपणापासून ख्रिस्ती वळणात वाढलेला, ऑक्सफर्डला शिकलेला माणूस, पुढे बौद्ध झाला आणि गावोगावच्या भिक्खूंना प्रचारात उतरवून, सिंहली हीच एकमेव राजभाषा असं आश्वासन देऊन जिंकला. पुढच्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं की तमिळांशी काहीतरी जुळवून घ्यायला हवं, तसा करारही केला तमिळ नेते चेल्वनायकमांबरोबर. पण आता भिक्खू घराबाहेर येऊन बसले आणि १९५८ मध्ये तो करार मोडावा लागला. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांना त्यांच्याच घरी गोळ्या घातल्या गेल्या, घालणारा एक भिक्खूच होता. त्या देशात पुढे जे यादवी युद्ध झालं ते २००९ पर्यंत चाललं.

वर्गात हे सांगितलं की मुलं विचारायची, सर पण भिक्खू तर अहिंसावाले ना? हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. धर्म कोणताही असो, निवडणुकीत त्याला एकदा कामाला लावला की त्याच्यातला शांतपणाच आधी जातो. आणि ज्याने कामाला लावला त्याच्याही हातात तो राहत नाही.

ताई, तुमच्या बंधूंना विचारा, उद्या हाच नगरसेवक निवडून आला आणि रस्त्याचं काम निकृष्ट झालं तर त्याला जाब विचारताना परत देवच मध्ये येणार नाही का? धर्माच्या नावाने मत घेतलेल्याला रस्त्याच्या नावाने हिशोब मागता येत नाही, तो लगेच म्हणतो तुम्ही धर्मविरोधी.

---

सह्याद्रीचा_मावळा

सर, हे शेवटचं मात्र खरंय. आमच्याकडे तलावाच्या कामाबद्दल बोललो तर मलाच म्हणाले तू त्यांना सामील झाला काय. मी! जाऊद्या. इरफान भाऊ तुमच्या ऑर्डरी रद्द झाल्या ते वाईट वाटलं. बाकी माझं मत आहे तेच आहे, हिंदूंनी एक राहिलं पाहिजे, पण हे ताट फिरवणं बंद व्हायला पाहिजे.

---

रामकुंडावरचा_गुरुजी

ताईंचा दुसरा प्रश्न मागेच राहिला, खरं तर तोच मोठा आहे. माझी चौथी पिढी रामकुंडावर पौरोहित्य करते, तेव्हा आईंना जे सांगायचं ते मी त्यांच्याच भाषेत सांगतो, तुम्ही हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आई, नमस्कार. तुम्ही आयुष्यात कितीतरी वेळा संकल्प सोडला असेल. पळीतलं पाणी ताम्हनात सोडताना गुरुजी तुमचं नाव, तुमचं गोत्र विचारतात आणि तुम्ही तुमच्या तोंडाने सांगता. का विचारतात? कारण संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो, स्वतःच्या इच्छेने. माझ्याकडे कोणी मुलगा बापाला दटावून आणतो आणि म्हणतो यांच्याकडून दान करवून घ्या, तेव्हा मी विधी थांबवतो, म्हाताऱ्याला विचारतो बाबा तुमची इच्छा आहे का. नाही म्हटला तर पाणी सोडत नाही. तुमच्याकडून त्या दिवशी जे बोलवून घेतलं त्यात तुमचं मन नव्हतं, म्हणून तो संकल्पच झाला नाही. जे झालंच नाही ते मोडण्याचं पाप कुठून लागणार?

आता बेलभंडाऱ्याचं. लहानपणी आमच्या गावी बांधावरून भांडण झालं की देवळात बेलभंडारा उचलायला सांगायचे. कशासाठी, तर बांध कुठे होता ते खरं सांगायला. आणि जुन्या मराठी कागदपत्रांत बेलभंडार पाठवल्याचे उल्लेख येतात तेव्हा तो पुष्कळदा बलवानाने दुसऱ्याला दिलेला शब्द असतो, की ये, तुला दगा होणार नाही. म्हणजे ज्याच्या हातात ताकद असायची त्याने देवाला साक्षी ठेवून स्वतःला बांधून घ्यायचं. तुमच्या देवळात उलटं झालं. त्या उमेदवाराने ताटाला हात लावून म्हणायला हवं होतं की मी तुमच्या पाण्याच्या लाइनीतले पैसे खाणार नाही. त्याने स्वतः हात लावला का हो? मला खात्री आहे नसणार.

आणि नातवाचं. खंडोबा काय किंवा गडावरची जगदंबा काय, ती आई आहे. कोणाच्या तरी पॅनलसाठी ती एवढ्याशा पोराचा श्वास अडवेल असं ज्याने सुचवलं त्याने देवीला काय समजलंय याचा विचार करा. पाप लागायचंच असेल तर ते बोलणाऱ्याला.

तरीही मनाला रुखरुख राहिली तर एक करा. सकाळी लवकर रामकुंडावर या, गर्दी नसते. पाणी हातात घ्या आणि आपल्या शब्दांत सांगा की माझ्या तोंडून वदवून घेतलं, ते मी तुझ्या पायाशी ठेवते. पाणी सोडा आणि घरी जा. दक्षिणा लागत नाही, मी असेन नसेन तरी चालतं.

हे लिहितोय कारण मी रोज बघतो. पुढारी येतात, पूजा पंधरा मिनिटांची, त्यातली दहा मिनिटं फोटोची, तेवढा वेळ अस्थी घेऊन आलेली माणसं बाजूला दोरीच्या पलीकडे उभी. मागे एकदा एक बाई पाठीवर लेकरू आणि हातात नवऱ्याच्या अस्थींची पिशवी घेऊन पाऊण तास थांबली होती. कुठल्या पक्षाचा नेता होता ते सांगत नाही कारण सगळ्यांच्याच वेळी असं होतं. आमच्यातलेही काहीजण पुढे पुढे करतात, ते मी नाकारत नाही, मीही एकदा शाल घेतलीय आणि त्याचं मला वाईट वाटतं. कुंभ आला की हे कितीतरी पटीने वाढतं. माणसं देवाकडे येतात ती कोणीतरी गेलेलं असतं म्हणून, काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून. त्या वेळी त्यांना मताचा हिशोब लावणं मला बघवत नाही.

---

कोर्टरोड_वकील

गुरुजी, तुमचं वाचून दहा मिनिटं काही लिहिता आलं नाही.

ताई, तक्रारीचा मसुदा लागला तर मला मेसेज करा, फी नको.

---

मखमलाबादरोडची_लेक

मंडळी, चार दिवसांनी येतेय, माफ करा, घरात गडबड होती.

गुरुजींचं आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने. "त्याने स्वतः हात लावला का" इथे थांबवलं आणि म्हणाली, नाही गं, तो तर आलाच नव्हता, पोरांना पाठवलं होतं. मग बराच वेळ नुसती बसून राहिली. इरफानदादांचं पण वाचलं, शाहबानोंचं ऐकून विचारलं, मग मिळाले का तिला पैसे? मला नीट सांगता आलं नाही.

शनिवारी पहाटे आम्ही दोघी रामकुंडावर गेलो. खूप थंडी होती, गोदेवर वाफ होती नुसती. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही, मी लांब उभी होते. परत येताना निमाणीपाशी चहा घेतला आणि तिने आपणहून पाण्याच्या लाइनीचा विषय काढला, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

तक्रार दिली. सह्या करायला सहा जणी तयार होत्या, आदल्या रात्री फोन आले आणि दोघीच राहिल्या, पण दोघी राहिल्या. पोच घेतलीय. विश्वस्त काकांना १९८८ चा कायदा प्रिंट काढून दिला, त्यांनी देवळाच्या दारावर पाटी लावलीय की आत प्रचार करू नये. भावाने यातलं काही वाचलं की नाही माहीत नाही, पण परवा त्याच्या ग्रुपवर त्या पॅनलचा देवीच्या फोटोचा मेसेज आला तो त्याने पुढे पाठवला नाही, एवढं मला दिसलं.

देव्हाऱ्यातला फोटो आईने काढला नाही. म्हणाली देवीचा काय दोष. कणकेची खळ केली, खाकी कागद कापला आणि मागच्या बाजूला नीट चिकटवून टाकला, कोपरे नखाने दाबून दाबून. वाळायला खिडकीत ठेवला आणि मला म्हणाली, यंदा आपलं मतदान केंद्र कुठल्या शाळेत आलंय ते बघून ठेव, मागच्या वेळी उगीच दोन शाळा फिरवलं होतं.